वेल्समधलं ओकचं रान आणि मेंढरांचे डोंगर: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, बर्मिंगहॅम

मला बर्मिंगहॅमला येऊन चौदा वर्षं झाली. आमच्या नळाचं पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातून येतं, हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. ११८ किलोमीटरचा प्रवास, तोही नुसत्या उताराने. एवढ्या अंतरात उतार फक्त ५२ मीटरचा, म्हणून पाण्याला इथवर यायला दीड दिवस लागतो. धरणांचं काम १८९३ साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये सातव्या एडवर्डच्या हस्ते पाणी सुटलं. रोज ज्या पाण्यात डाळ शिजते ते येतं तरी कुठून, एवढंच बघायला आम्ही मे महिन्यात तिकडे गेलो.

धरणं बघून झाली. मग सहज म्हणून एका पायवाटेने वर चढलो, तर समोर ओकचं रान. झाडं फार उंच नाहीत, वाकडीतिकडी, बुंध्यावर हाताच्या पंजाएवढं जाड शेवाळ. खाली निळ्या घंटांसारखी फुलं पसरलेली. या फुलांना वेल्श भाषेत 'क्लखार गोग' म्हणतात, म्हणजे कोकिळेच्या घंटा. आणि खरंच कुठून तरी तिथल्या कोकिळेचा 'कुक्कू' ऐकू येत होता.

रानातून तारेचं एक कुंपण गेलं होतं. अलीकडे गवत अगदी गालिच्यासारखं कापलेलं, झाडं सगळी जुनी, एकही पोर-झाड नाही. पलीकडे गुडघ्याएवढी ओकची रोपं, काटेरी ब्रॅम्बलची जाळी, नेचे. मी किती तरी वेळ तिथे उभी राहिले. अलीकडे मेंढरं होती, पलीकडे नव्हती. बाकी काही फरक नव्हता.

तेव्हापासून आम्ही दर वर्षी जातो, आणि दर वेळी ते कुंपण डोळ्यांपुढे येतं. तुमच्यापैकी कोण कोण वेल्सच्या रानात फिरलं आहे, तिथल्या डोंगरावरच्या शेतकऱ्यांना भेटलं आहे, तिथे राहिलं आहे? सविस्तर लिहा. काय दिसलं ते लिहा, नुसतं "सुंदर होतं" नको.

पेंब्रोकशरमधून

माझं तुमच्यासारखंच झालं, फक्त माझं रान टी कानॉलचं. प्रेसेली डोंगराच्या पायथ्याशी आहे. जवळच पेंत्रे इव्हान नावाची हजारो वर्षं जुनी शिळा-समाधी आहे. तीन दगडांच्या टोकांवर सोळा टन वजनाची शिळा तोललेली. लोक ती बघतात आणि गाडीत बसून निघून जातात. पाऊण तास चालायची तयारी असेल तर पुढे टी कानॉलमध्ये जा.

तिथे माझ्या हाती काय लागलं सांगू? दगडफूल! आईच्या गोड्या मसाल्यात घालतात ते, काळपट, सुरकुतलेलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. या एका रानात त्याच्या सुमारे ४०० जाती नोंदल्या आहेत. राखाडी चट्टे, दाढीसारखे लोंबणारे, काळ्या शाईचे शिंतोडे उडावेत तसे बारीक. एक मोठं पानासारखं, हिरवं, खड्डे पडलेलं असतं. ते फुप्फुसासारखं दिसतं म्हणून पूर्वी छातीच्या दुखण्यावर देत असत. हवा जराशी घाण झाली तरी ते मरतं, त्यामुळे ते दिसलं की इथला श्वास चांगला आहे असं समजावं. (मी काहीच तोडलं नाही. तुम्हीही तोडू नका. मिलिमीटर मिलिमीटरने वाढणारी गोष्ट आहे ती.)

कुंपणाबद्दल मात्र मला एक सांगायचंय. मलाही आधी वाटायचं, मेंढरं हाकलली की रान वाचलं. मग एकदा रानाची देखभाल करणाऱ्या एका बाईंबरोबर फिरले. त्या म्हणाल्या, पूर्ण बंद केलं तर काही वर्षांत ब्रॅम्बल आणि आयव्हीची वेल इतकी माजते की बुंध्यावर ऊनच पोचत नाही आणि दगडफुलं गुदमरतात. आफ्रिकेतून वसंतात येणारे पाइड फ्लायकॅचर, वुड वॉर्बलर या पक्ष्यांनाही झाडांखाली मोकळी जागा लागते. रेडस्टार्टचंही तसंच, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या कृष्ण थिरथिऱ्याचा भाऊबंद. म्हणून काही ठिकाणी मुद्दाम थोडी गुरं सोडतात, थोडे दिवस, मग बाहेर. किती आणि कधी, हाच सगळा प्रश्न. त्या दिवसापासून मी मेंढरांना नावं ठेवायचं बंद केलं.

पशुवैद्यकीची विद्यार्थिनी, सध्या लिव्हरपूल

आम्हाला शिकताना मेंढ्यांच्या वेताच्या दिवसांत शेतावर राहून काम करावंच लागतं. मला बिल्थ वेल्सजवळचं डोंगरावरचं शेत मिळालं, तीन आठवडे, एप्रिलमध्ये. मेंढरं ब्यूला स्पेकल्ड फेस जातीची, पांढऱ्या तोंडावर काळे ठिपके. डोंगरावर वसंत उशिरा येतो, म्हणून तिथे वेतही उशिरा असतं.

पहिल्या रात्री दोनला उठवलं. पाऊस आडवा येत होता. एका मेंढीचं कोकरू मेलं होतं, आणि दुसऱ्या मेंढीला तिळं झालं होतं. तिला दोनच आचळं, तिसऱ्याला कोण पाजणार? शेतकरी आजोबांनी मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि अंगरखा घालावा तसं तिसऱ्या पिल्लाला चढवलं. मेंढीने हुंगलं, थोडी थबकली, आणि चाटायला लागली. मी घळाघळा रडले. आजोबा काही बोलले नाहीत, थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला.

मग रोजचंच झालं. नाळेला आयोडीन लावायचं, पहिल्या काही तासांत पोटात चीक गेलाय ना बघायचं, नाही तर नळीने पाजायचा. गारठलेलं कोकरू स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवायचं.

माझे आजोबा, वडलांचे वडील, माण तालुक्यात मेंढरं राखायचे. पावसाळा संपला की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे. मी रोज रात्री त्यांना फोन करायची. त्यांनी पहिला प्रश्न केला, "वाघर कुठं लावत्यात?" (वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.) म्हटलं, आजा, इथं वाघर नाही, डोंगरावर कुंपणही नाही. "मग मेंढरं जात न्हाईत व्हय?" नाही जात. तिथे त्याला कनेव्हिन म्हणतात. डोंगराचा जो तुकडा आपल्या कळपाचा, तिथेच मेंढी राहते. तिच्या आईने तिला दाखवलेला असतो, तिच्या आईला आजीने. शेत विकलं तरी कळप डोंगराबरोबर जातो, कारण नव्या मेंढरांना ती जागा शिकवायची कुणी? माणूस जिथे रुळलेला असतो त्या जागेलाही हाच शब्द. आजा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपली मेंढरं रस्ता शिकत्यात, त्यांची जागा शिकत्यात."

२००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा ब्रेकन बीकन्सवरचे असे कळपच्या कळप मारावे लागले. जागा माहीत असलेली मेंढीच उरली नाही. तिथल्या काकू हे सांगताना भांडी घासत होत्या आणि एकदाही वळल्या नाहीत.

वेल्समध्येही पूर्वी स्थलांतर होतं, लहानसं. हिवाळ्यात खालच्या घरी, ते हेंड्रे; उन्हाळ्यात गुरं-मेंढरं घेऊन वरच्या घरी, ते हाव्हॉड. आता कुणी जात नाही, पण कितीतरी शेतांची नावं अजून तीच आहेत. नकाशा उघडून बघा.

कार्डिफ, वीस वर्षं

वरची ताई, फार सुंदर लिहिलंस. एक भर घालतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला, त्यानंतरच्या पावसाने उत्तर वेल्सच्या डोंगरांवर किरणोत्सारी सीझियम उतरलं. तिथल्या ओल्या, आम्लधर्मी पीट मातीत ते घट्ट बसत नाही, गवतातून परत परत वर येतं. त्यामुळे मेंढरं विकण्याआधी एकेकीच्या अंगातलं सीझियम मोजलं जायचं, प्रमाण जास्त असेल तिच्यावर रंगाची खूण. शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ मध्ये. सव्वीस वर्षं!

नवीन जाणाऱ्यांसाठी: फाटक जसं सापडेल तसंच सोडा, उघडं असेल तर उघडं, बंद तर बंद. मार्च ते जुलै कुत्रा असेल तर दोरीवरच. रानातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा, लाइमचा आजार त्यातूनच होतो. पाटीवर 'ल्लुइबर कहॉइथिस' म्हणजे सार्वजनिक पायवाट, 'अराव्ह' म्हणजे हळू. आणि दोन एल् एकत्र आले की जीभ 'ल' म्हणायला लावायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. माझ्या मुलीने शाळेत दुसऱ्या दिवशी शिकलं, मला दोन वर्षं लागली.

मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली, सध्या चेस्टर

मी रानाबद्दल थोडंच लिहिणार आहे.

माझी आजी कोयना खोऱ्यातली. धरण झालं, शिवसागर भरला, गाव गेलं. आम्ही रायगड जिल्ह्यात आलो. आजीला तिथली हवा कधी मानवली नाही.

उत्तर वेल्समध्ये बाला गावाजवळ ल्लिन केलिन नावाचा तलाव आहे. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये कापेल केलिन हे वेल्श भाषा बोलणारं गाव त्याखाली गेलं. शाळा, पोस्ट, चॅपल, बारा घरं आणि शेतं. खोऱ्यात ६७ माणसं होती, त्यातल्या ४८ जणांची घरं गेली. १९५७ साली संसदेत कायदा झाला तेव्हा वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांचा विरोध होता, पण कायदा झालाच. 'ट्रवेरिन लक्षात ठेवा' (ट्रवेरिन म्हणजे तेच बुडालेलं खोरं) असं वेल्शमध्ये लिहिलेली एक पडकी भिंत अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्याकडेला आहे. कुणी तरी पाडलं किंवा खोडलं की लोक परत रंगवतात.

तलावाच्या काठी लहानसं स्मारक-चॅपल आहे. आत गेले तेव्हा कोणी नव्हतं. बाहेर येऊन काठाने चालले. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी कुंपणभिंती होत्या, सरळ पाण्यात शिरणाऱ्या. शेताची भिंत पाण्यात जाताना मी आजीबरोबर बामणोलीला पाहिली होती, बांध होता तिथे. धागाकर्त्या ताई, तुमच्या नळाच्या पाण्याखालीही माणसांची घरं होती. तुम्हाला दोष देत नाही, मीही धरणाच्याच विजेवर वाढले. फक्त इथे लिहायला हवं होतं.

धागाकर्ती

बरं केलंत लिहिलंत. एलानमध्ये शंभराहून जास्त माणसांना उठावं लागलं. मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

केरेडिगियन, औषधाच्या दुकानात काम

माझ्या दुकानात येणारे निम्मे गिऱ्हाईक शेतकरी किंवा त्यांच्या घरचे. त्यातले बरेच जण आपसात वेल्शच बोलतात, माझ्यासाठी इंग्रजीवर येतात, आणि मी दोन वाक्यं वेल्शमधून बोललो की चेहरा उजळतो.

२०२४ च्या हिवाळ्यात इथे दुसरा विषयच नव्हता. अनुदान हवं तर शेताच्या दहा टक्के जमिनीवर झाडं हवीत, अशी सरकारी योजना येत होती. मार्चमध्ये कार्डिफच्या विधानभवनासमोर गमबुटांचे ५,५०० जोड मांडून ठेवले होते, जाणाऱ्या रोजगाराची खूण म्हणून. माझ्या ओळखीच्या एका काकांनी आपल्या नातवाचे छोटे बूट पाठवले होते. पुढे ती दहा टक्क्यांची सक्ती मागे घेतली गेली.

शहरातल्या माझ्या मित्रांना वाटतं, हे लोक झाडांचे शत्रू. तसं नाही हो. त्या काकांच्या शेतात ओढ्याकाठी जुनं ओकचं रान आहे, त्यांच्या पणजोबांनी सालीसाठी तोडून परत फुटू दिलेलं. चामडं कमवायला ओकची साल लागायची, लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागायचा, म्हणून तर एकेका बुडख्यातून चार-चार खोडं दिसतात. त्यांची भीती वेगळी आहे. बाहेरची कंपनी येणार, आपलं कार्बनचं पाप धुवायला अख्खं शेत विकत घेणार, त्यावर स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावणार. मग घर रिकामं, शाळेतली तीन मुलं कमी, चॅपलला कुलूप. स्प्रूसखाली जाऊन बघा, अंधार आणि तपकिरी सुया. ते रान नव्हे. मला स्वतःला झाडं हवीत, पुष्कळ हवीत. पण ओढ्याकाठी, बांधावर, फ्रीदवर, म्हणजे शेत आणि उघडा डोंगर यांच्या मधल्या त्या काटेरी पट्ट्यात. आणि ती लावणारा माणूस तिथे राहणारा हवा.

मॅंचेस्टर, सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक

माएनतुरोगजवळच्या व्हेलेनरिडच्या रानात आम्ही ऱ्होडोडेंड्रॉन उपटायला जातो. जांभळ्या फुलांचा, दिसायला देखणा, पण आपल्या घाणेरीसारखा सगळं गिळणारा. रोप लहान असताना ओल्या मातीतून सुटून येतं, मोठं झालं की करवत. मॅबिनोगी या जुन्या वेल्श कथांमध्ये प्रडेरी आणि जादूगार ग्विडियन यांची लढाई याच रानात झाली आणि प्रडेरी तिथे पडला. कारण काय, तर डुकरं! ग्विडियनने जादूने फसवून त्याची डुकरं पळवली होती. पावसात, दरीतल्या धबधब्याचा आवाज कानात भरलेला असताना ही गोष्ट ऐकली.

पशुवैद्यकीची विद्यार्थिनी

परत आले. लोकरीबद्दल लिहायचं राहिलं होतं. डोंगरी मेंढीच्या लोकरीला मिळणारा भाव कित्येकदा कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. तरी कातरावीच लागते, नाही तर उन्हाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात. माणदेशातही तेच, दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नाही.

मी निघताना शेतकरी आजोबांनी धुऊन पिंजलेल्या लोकरीचा लहानसा गोळा दिला होता. दिवाळीत गावी नेला. आजांनी तो दोन बोटांत चोळला, ओढून बघितला, नाकाशी धरला. मग खुंटीवरची आपली घोंगडी काढून शेजारी ठेवली आणि विचारलं, "तिकडं पाऊस लई आसंल, न्हवं?" हो म्हटलं. "मग ह्येची घोंगडी का करत न्हाईत?"

पुढच्या एप्रिलमध्ये परत जाणार आहे. आजांनी हातभर रुंदीचा एक तुकडा कापून दिलाय, बिल्थच्या आजोबांसाठी.