भोजनालय टाकाचं हाय, सुरवात कुठून करू?

तीन_एकर_कोरडवाहू

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातला, कळंबजवळच्या खेड्यातला. पाच वर्षं पुण्याले एका कंपनीच्या कँटीनमधे होतो, रोज 300 माणसाचा सैपाक, तं कामाचं भेव नाई. बाबाची तब्येत बरी राह्यत नाई म्हणून आता परत आलो. कापूस-तुरीवर घर चालत नाई. काकाची दोन गुंठे जागा हाय नागपूर-यवतमाळ हायवेले लागून, तिथं भोजनालय टाकाचं मनात हाय. आईच्या हातची पातोडी आन् बायकोची डाळभाजी लोक नाव काढून खातात. हातात दीड लाख हायेत. एक मित्र म्हणते एसी फॅमिली रेस्टॉरंट टाक, पनीर चायनीज ठेव, आठ लाखाचं लोन काढ. बाबा म्हणतात वावर गहाण ठेवू, ते मले अजिबात नाई पायजे. कोनी केलं असन तं सांगा, कागदपत्रं काय लागतात, मेनू काय ठेवू, सगळंच सांगा.

जुना_ढाबेवाला

भौ, वावर गहाण नको ठेवू, बाबाले माह्या नावानं सांग.

पयले एक काम कर. त्या जागेवर तीन दिवस खुर्ची टाकून बस. एक साधा दिवस, एक बाजाराचा आन् एक चतुर्थीचा, कळंबच्या चिंतामणी गणपतीले गर्दी राह्यते तवाचा. किती गाड्या गेल्या ते नको मोजू, थांबल्या किती ते मोज. फोर लेनवर 90 च्या स्पीडनं जाणारा माणूस तुह्या बोर्डाकडं पाह्यत नाई, अन् दुभाजक असन तं पलीकडच्या बाजूचा तं येतच नाई.

माहा ढाबा कारंजाकडच्या जुन्या मुंबई रस्त्यावर होता, पंधरा वर्षं. सगळा धंदा ट्रकवाल्याच्या भरोशावर. डिसेंबर 2022 मधे समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा चालू झाला, 520 किलोमीटर, आन् लांबचे ट्रक तिकडून जाऊ लागले. सहा महिन्यात अर्ध्या खाटा उचलून ठेवल्या. मंग बँकेतले, शाळेतले मास्तर, जिनिंगवरचे लोक याईले महिन्याचे डबे द्याले लागलो, 20 डब्यापासून सुरवात केली, त्याच्यावरच घर तगलं. म्हणून सांगतो, रोज येणारं गिऱ्हाईक पयले धर, रस्त्यावरचं आलं तं वरचं समज. कळंबले तहसील हाय, शाळा हाय, दवाखाने हायेत, बाहेरगावचे नोकरदार खोली करून राह्यतात आन् त्याईले दोन टाइम घरचं जेवण पायजे असते. डबे आजपासून घरूनच चालू कर, टिन ठोकाची वाट कायले पाह्यतं?

पनीर चायनीज सोड. कारागीर ठेवशीन तं तो 20 हजार मागन आन् पोळ्याले गावी गेला का दिवाळीपर्यंत येणार नाई.

चूल_आणि_हिशोब

दादा, मी वर्धा जिल्ह्यातली, बचत गटातून खानावळ सुरू केली त्याला आता सहा वर्षं झाली. कागदपत्रांचं मी सांगते, कारण त्यात मला एका एजंटनं तीन हजाराला घातलं होतं.

छोट्या धंद्याला अन्न सुरक्षेचं नुसतं रजिस्ट्रेशन लागतं, वर्षाची फी 100 रुपये, अर्ज ऑनलाइन होतो. जो 14 आकडी नंबर मिळेल तो दर्शनी भागात लावायचा. कामगार मोजकेच असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीसाठी, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, 2017 च्या कायद्यानं. ग्रामपंचायतीची नाहरकत घ्या, मीटर कमर्शियल घ्या, आणि गॅस सिलेंडर निळा, धंद्याचा, 19 किलोचा. घरचं लाल सिलेंडर तिथं नेऊ नका, धाड पडली की सिलेंडरही जातं आणि गावात नावही जातं. वर्षाची उलाढाल 20 लाखाच्या आत आहे तोवर जीएसटीचं टेन्शन घेऊ नका.

सगळ्यात आधी मात्र जागेचं बघा. शेतजमीन असेल तर अकृषकचं (शेतीशिवाय दुसऱ्या वापराचं) तहसीलमधे विचारा, आणि हायवेला लागून म्हणताय तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचं, रस्त्यावरून गाडी वळायची परवानगी कोण देतं ते बांधकामाच्या आधी लेखी घ्या. काका घरचेच असले तरी स्टॅम्पवर भाडेपत्र करा. आज काका आहेत, उद्या चुलत भाऊ येऊन बसतील.

लोनचं म्हणाल तर मी पीएमईजीपीतून, म्हणजे धंद्याच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून केलं. ग्रामीण भागात बाईच्या नावानं 35 टक्के अनुदान होतं आणि स्वतःचे 5 टक्के टाकायचे. पण ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं, हप्ता तुम्हाला पहिल्यापासून भरावा लागतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिलं वर्ष फार जड गेलं. म्हणून आठ लाखाचा विचार सध्या नकोच.

आणि हिशोब ठेवा. 15 किलोचा तेलाचा पिपा किती ताटांत संपला हे मी प्रत्येक पिप्यावर खडूनं लिहिते. तर्रीवर तेल दिसलं पाहिजे हे खरं, पण पहिल्या वर्षी माझा सगळा नफा तिथंच जात होता. 100 रुपयाच्या ताटात किराणा, भाजी आणि गॅस मिळून 45 च्या वर गेलं की मी भाव तरी वाढवते नाहीतर ताटातली एक वाटी कमी करते.

बॅगवाला_फिरस्ता

मी औषध कंपनीत आहे, महिन्यातले 20 दिवस बाहेरच जेवतो. पातोडी रस्सा, भाकर, ठेचा, जवसाची चटणी, गुरुवारी वडाभात, एवढं केलं तरी मी वाट वाकडी करून येईन. फक्त बाईमाणसासाठी स्वच्छ संडास आणि बादलीत पाणी ठेवा, कुटुंब घेऊन निघालेला माणूस आधी ते विचारतो आणि मग जेवतो. आणि नॉनव्हेज ठेवणार असाल तर चूल भांडी वेगळी, चतुर्थीचा माणूस त्या वासानं पायरी चढत नाही.

तीन_एकर_कोरडवाहू

सगळ्याईचे लय आभार. तीन दिवस बसून पाह्यलं. साध्या दिवशी फक्त 14 गाड्या थांबल्या, त्यातल्या नऊ जणाईनं चहा विचारला, जेवण दोघानंच. चतुर्थीले मातर 60 च्या वर. मंग घरूनच डबे चालू केले, आजपर्यंत 11 झाले, पाच शाळेतले आन् सहा दवाखान्यातले. जागेवर सध्या चहा-आलुबोंडा, चतुर्थीले आन् बाजाराच्या दिवशी ताट. काकासंग भाडेपत्राची गोष्ट काढली, थोडे रुसले पण हाव म्हणाले. संडासाचं काम पयले काढलं.

एकच राह्यलं. गावातले लोक उधार मागतात, नाई म्हणाले जीभ उचलत नाई. कापूस विकला का देतो म्हणतात, त्याईचंही खरं हाय, मी बी त्याच वावरातला.

जुना_ढाबेवाला

गल्ल्यावर आईले बसव. माह्याकडं वयनी बसते, तिच्यापाशी उधार मागाले लोक कचरतात. ज्याची खरंच अडचण हाय त्याले तू गुपचूप जेवू घाल, वहीत नको लिहू. आन् टिन टाकशीन तं त्याच्यावर तुराट्याचा जाड थर दे, नाईतर मे महिन्यात त्याच्याखाली कोनी दहा मिनिटं बसणार नाई.