शब्दचर्चा: 'पोलीतेस' आणि 'कीविस', दोघेही 'नागरिक'च का?

प्रश्न:
प्राचीन ग्रीस आणि रोम यांची तुलना करणारा लेख मराठीत लिहिते आहे. ग्रीक 'पोलीतेस' आणि लॅटिन 'कीविस' दोन्हींना 'नागरिक' लिहीत गेले, पण आता वाचताना खटकतंय. वेगळे शब्द सुचतात का?

प्रतिसाद:
ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. ग्रीकमध्ये आधी 'पोलिस', म्हणजे नगरराज्य, आणि त्यावरून 'पोलीतेस'. आपल्याकडे नगरवरून नागरिक, पुरवरून पौर, तसंच. पोलिस आणि संस्कृत 'पुर्' तर एकाच मुळाची भावंडं, जुना अर्थ तटबंदीची जागा.

लॅटिनमध्ये क्रम उलटा. आधी 'कीविस' हा माणूस, आणि त्यावरून 'कीवितास', अशा माणसांचा समाज. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी यावर नेमकं बोट ठेवलं. रोमन माणूस 'कीविस मेउस', 'माझा कीविस', असं म्हणतो. 'माझा नागरिक' मराठीत कोणी म्हणेल का? पण 'माझा गाववाला' म्हणतोच! मुंबईत लोकलमध्ये शेजारच्याचा हेल ओळखीचा वाटतो, "गाव कुठलं तुमचं?" होतं, आणि उतरेपर्यंत 'हे आमचे गाववाले' झालेलं असतं. गाव राहिलं चारशे किलोमीटरवर. एकट्या माणसाला गाववाला होता येत नाही, दुसरा लागतोच. कीविस तसाच आहे.

हा फरक नुसता व्याकरणातला नाही. अथेन्समध्ये इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा आणला: आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच पोलीतेस. बाहेरून येऊन राहिलेला तो 'मेटोइकोस'. पुरुषाने वर्षाला १२ द्राख्मा कर भरायचा, जमीन मात्र घ्यायची नाही. (आपला 'दाम' याच द्राख्माचा, 'द्रम्म'मार्गे आलेला.) अ‍ॅरिस्टॉटलही मेटोइकोसच, मूळचा स्तागिराचा. न्यायदानात आणि अधिकारपदात ज्याचा वाटा तो पोलीतेस, ही व्याख्या त्याचीच, आणि जिथे त्याने उभं विद्यापीठ चालवलं त्या अथेन्समध्ये तो स्वतः तिच्या बाहेर! मला हे दर वेळी लागतं.

रोममध्ये कीविसने रीतसर मुक्त केलेला गुलामसुद्धा कीविस होई. त्याला स्वतःला अधिकारपद मिळत नसे, पण मुक्तीनंतर जन्मलेल्या मुलाला ती वाट मोकळी. ग्रीक जगातही याचं नवल होतं. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसा नगराला पाठवलेलं पत्र शिलालेखात टिकलं आहे. तो लिहितो, रोमन लोक गुलामांनाही आपल्यात घेतात, म्हणून त्यांची मायभूमी वाढली, तुम्हीही नवे पोलीतेस करून घ्या. पुढे इ.स. २१२ मध्ये कॅराकॅला बादशहाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना कीविस केलं.

धागाकर्ती:
गाववाल्याचा दाखला फार आवडला. मेटोइकोसला मी 'परदेशी' लिहिलंय, तेही बदलायला हवं ना?

दुसरा प्रतिसाद:
हो, नक्की. तो बिचारा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेला असू शकतो. मराठ्यांच्या गावगाड्यात 'मिरासदार' आणि 'उपरी' हे दोन शब्द होते. मिरासदार वंशपरंपरागत जमीनहक्काचा, उपरी बाहेरून येऊन कसणारा, त्या हक्काविना. मेटोइकोस बहुधा शेतकरी नव्हता, कारागीर किंवा व्यापारी असे. तरी 'उपरी'त जे तुटलेपण आहे ते 'परदेशी'त नाही.

मात्र कीविसला सरसकट 'गाववाला' लिहू नका. त्यात जिव्हाळा आहे, कायद्याचं कवच नाही. सिसिलीचा सुभेदार वेरेस याच्यावरच्या इ.स.पू. ७० च्या खटल्यासाठी सिसेरोने लिहिलेल्या भाषणांत गावियसची हकीकत आहे. मेसाना शहराच्या भर चौकात त्याला फटके मारले. प्रत्येक फटक्याला तोंडून एवढंच येई: "कीविस रोमानुस सुम", मी रोमचा कीविस आहे. कीविसला असे फटके मारणंच बेकायदा होतं. वेरेसने त्याला क्रुसावर चढवलं, तेही सामुद्रधुनीकाठी, जिथून पलीकडे इटली दिसते. या तीन शब्दांत अर्ज आहे, हक्क आहे. इथे 'नागरिक'च हवा.

धागाकर्ती:
मग अथेन्ससाठी 'पौर', रोमसाठी 'नागरिक', मेटोइकोस 'उपरी'. कीवितासला दोन ठिकाणी 'नगर' लिहिलंय, तिथे 'नागरिकसमाज' करते. गाववाला पहिल्याच परिच्छेदात येईल.