ब्राउझरमधील शूटर खेळ मध्येच गोठतो आणि नेमकी मारलेली गोळी लागत नाही : मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या आठ महिन्यांपासून दर रविवारी, आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले की, मी सांगलीतून आणि माझा चौदा वर्षांचा पुतण्या जर्मनीतील फ्रँकफर्टमधून ब्राउझरमध्ये चालणारा एक शूटर खेळ एकत्र खेळतो. दादा नोकरीनिमित्त तिकडे गेल्यापासून पुतण्याशी माझे फोनवरील बोलणे 'कसा आहेस', 'बरा आहे' यांच्यापुढे जात नसे. खेळताना मात्र तो तासभर माझ्याशी मराठीत बोलतो, शाळेतील गोष्टी आपणहून सांगतो आणि मी चुकीच्या दिशेला वळलो की 'काका, मागे बघा' असे ओरडतो. हा तास मला फार मोलाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

घरातील सामाईक लॅपटॉपवर नवीन प्रोग्रॅम टाकायचा नाही असा वहिनींचा नियम आहे आणि तो मला योग्यच वाटतो. त्यामुळे काहीही न उतरवता दुवा उघडताच सुरू होणारा खेळ आम्हाला हवा होता. सुरुवात आम्ही २०१७ साली आलेल्या 'शेल शॉकर्स'पासून केली, ज्यात सगळे खेळाडू बंदूक घेतलेली अंडी असतात. पुढे पुतण्याला अधिक वेगवान खेळ हवासा वाटला आणि गेले पाच महिने आम्ही दुसरा खेळ खेळत आहोत. त्यात खाजगी खोली (फक्त आपण बोलावलेल्यांसाठीचा सामना) तयार करून मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट यांपैकी हवा तो सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा दूरचा संगणक, निवडता येतो. पुतण्याचे तिथले मित्रही अधूनमधून येत असल्यामुळे आम्ही फ्रँकफर्टच निवडतो.

अडचण अशी आहे की दर पंधरा-वीस सेकंदांनी माझ्या पडद्यावरील सगळे खेळाडू क्षणभर जागच्या जागी थांबतात आणि मग एकदम पुढे झेपावल्यासारखे दुसरीकडे दिसतात. मी स्वतः त्या वेळी चालू शकतो, मान वळवू शकतो, गोळीही झाडू शकतो. पण त्या क्षणातील गोळ्या कोणालाच लागत नाहीत आणि बहुतेक वेळा जग पुन्हा हलू लागते तेव्हा मी मेलेलो असतो. कोपऱ्यातील पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) एरवी १५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो आणि गोठण्यानंतर लगेच ६०० ते ९०० दाखवतो. पुतण्याची तक्रार याच्या उलट आहे. 'मी भिंतीमागे पोचलो होतो तरी तुमची गोळी मला लागली,' असे तो अनेकदा म्हणतो आणि तो खोटे बोलणारा मुलगा नाही.

मी आतापर्यंत काय केले तेही सांगतो, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवण्याचे आपले श्रम वाचतील. सुरुवातीला सेकंदाला जेमतेम १४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारी चित्रे, मिळत होत्या. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम://जीपीयू' हे पान उघडून पाहिल्यावर वेबजीएल (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रे काढण्याची सोय) याच्यापुढे 'सॉफ्टवेअर ओन्ली' असे लिहिलेले आढळले, म्हणजे चित्र काढण्याचे सगळे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करत होता. सेटिंगमधील ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन सुरू करून ब्राउझर पुन्हा उघडल्यावर फ्रेम ६० झाल्या आणि त्या आता स्थिर आहेत. खेळ गोठतो तेव्हाही तो आकडा घसरत नाही. इतर सर्व टॅब बंद केले, जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन काढले, फायरफॉक्समध्येही खेळून पाहिले. फरक पडला नाही. घरी १०० एमबीपीएसचे फायबर आहे आणि वेग मोजला तर तो पूर्ण मिळतो. एकट्याने मुंबईच्या सर्व्हरवर खेळलो तर पिंग ३०च्या आसपास राहतो आणि गोठणे जवळजवळ जाणवत नाही.

माझा मुख्य प्रश्न हा की, वेग पुरेसा, फ्रेम स्थिर आणि मुंबईच्या सर्व्हरवर खेळ सुरळीत, तर दोष नेमका कुठे शोधावा? फ्रँकफर्टच्या बाजूलाच काही बिघडले आहे असे समजून हात टेकावेत, की माझ्या घरात अजून काही तपासण्यासारखे उरले आहे?

आणखी एक लहान शंका. या खेळात पुढे जायला डब्ल्यू आणि खाली वाकायला कंट्रोल हे बटण आहे. दोन्ही एकदम दाबली की ब्राउझरचा टॅबच बंद होतो, आणि असे ऐन लढतीत चार वेळा झाले आहे. यावर काही इलाज आहे का?

प्रतिसाद

तुम्ही नीट तपासून लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. फ्रेम स्थिर आहेत आणि तुम्हाला स्वतःला हलता येते, याचा अर्थ ब्राउझर आणि ग्राफिक्स दोन्ही ठीक आहेत. तुमची स्वतःची हालचाल सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तुमच्याच संगणकावर आधी दाखवली जाते. ही पद्धत १९९६ सालच्या 'क्वेकवर्ल्ड'पासून रूढ आहे. इतर खेळाडू मात्र सर्व्हरकडून माहिती येईल तेव्हाच हलतात. ते थांबतात, याचा अर्थ तेवढा वेळ माहिती येत नाही.

आता ब्राउझरची एक खास अडचण समजून घ्या. संगणकावर उतरवून घेतलेले शूटर खेळ सहसा यूडीपी ही माहिती पाठवण्याची पद्धत वापरतात, ज्यात एखादे पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले तर ते सोडून देऊन पुढचे स्वीकारले जाते. शूटरमध्ये तेच योग्य आहे, कारण पाव सेकंदापूर्वी शत्रू कुठे होता याला आता काही किंमत नसते. ब्राउझरमधील पुष्कळ खेळ मात्र वेबसॉकेट ही सर्व्हरशी सतत जोडलेले राहण्याची सोय वापरतात. ती टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालते आणि टीसीपीचा नियम असा की सगळे क्रमाने पोचले पाहिजे. एक पॅकेट हरवले की त्याच्यामागून आलेली सगळी दाराशी थांबवली जातात आणि हरवलेले पुन्हा येईपर्यंत खेळाच्या हाती काहीच पडत नाही. ते आले की साचलेली सगळी माहिती एकदम आत सोडली जाते, आणि तुम्ही वर्णन केलेली झेप ती हीच.

हरवलेले पॅकेट पुन्हा यायला किमान एक पूर्ण फेरी लागते. मुंबईच्या सर्व्हरसाठी ही फेरी ३० मिलिसेकंदांची आहे, फ्रँकफर्टसाठी १५०ची. पुन्हा पाठवलेलेही वाटेत हरवले तर पाठवणारी बाजू आधीपेक्षा जास्त वेळ थांबून प्रयत्न करते आणि थांबा वाढत जातो. म्हणजे तुमच्या घरात दोन्ही वेळा सारखीच पॅकेट हरवत असली, तरी मुंबईवर ते जाणवणार नाही आणि फ्रँकफर्टवर असह्य होईल. म्हणूनच मुंबई सुरळीत आहे एवढ्यावरून घरातील जोडणीला निर्दोष ठरवू नका. वेग मोजण्यातूनही हे कळत नाही, कारण ती चाचणी सेकंदाला किती माहिती आली ते सांगते, वाटेत कोणते पॅकेट कितीदा अडले ते सांगत नाही.

तुम्ही एका गोष्टीचा उल्लेख केलेला नाही : लॅपटॉप वायफायवर आहे की तारेने जोडलेला आहे? वायफायवर असेल तर कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधील आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून आधी राउटरलाच सतत पिंग करा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजा; पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. खेळ चालू ठेवून पाच मिनिटे आकडे पाहा. घरातल्या घरात तो आकडा एकेरी असायला हवा. तो मधूनच दोनशे-तीनशेवर जात असेल तर दोष जर्मनीत नाही. खेळ गोठण्याच्या वेळाही घड्याळ लावून लिहून ठेवा. अंतर ठरावीक असेल तर लॅपटॉप मधूनमधून आसपासची इतर वायफाय शोधत असण्याची शक्यता मोठी. अंतर कसेही असेल तर सिग्नल कमजोर आहे किंवा शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी आहे.

पुतण्याची तक्रारही खरी आहे. अनेक शूटर खेळांत तुम्ही गोळी झाडली त्या क्षणी तुमच्या पडद्यावर जे चित्र होते, तिथपर्यंत सर्व्हर काळ मागे नेतो आणि मग गोळी लागली की नाही हे ठरवतो. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू १५० मिलिसेकंदांत ९० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे भिंतीआड जायला पुरेसे अंतर. तुमच्या पडद्यावर तो उघड्यावर होता आणि त्याच्या पडद्यावर तो आडोशाला पोचला होता. दोघेही खरेच सांगत आहात.

कंट्रोल आणि डब्ल्यूचे म्हणाल, तर साध्या खिडकीत टॅब बंद करण्याची आज्ञा ब्राउझर स्वतःकडे राखून ठेवतो आणि खेळाला ती अडवता येत नाही. वाकण्यासाठी सी हे बटण नेमून टाका.

धागाकर्त्याची भर

आपले मनापासून आभार. लॅपटॉप वायफायवरच होता आणि ते लिहायचे मला सुचले नव्हते. आमचे घर जुने आहे. राउटर सोप्यात आहे, मी माजघराच्या मागच्या खोलीत बसतो आणि मध्ये दीड हात जाडीच्या दोन दगडी भिंती आहेत. राउटरला पिंग करून पाहिले. बहुतेक आकडे २ ते ४ मिलिसेकंद होते, पण मध्येच २८०, ४१० असे येत होते आणि पाच मिनिटांत नऊ वेळा उत्तरच आले नाही. गोठण्याच्या वेळा लिहून ठेवल्या तर त्यांत ठरावीक अंतर आढळले नाही. आठ महिने मी ज्या दोषाचे खापर सातासमुद्रापार फोडत होतो, तो माझ्याच माजघराच्या भिंतीत होता.

शनिवारी वीस मीटर लॅनची तार आणून दरवाजाच्या चौकटीवरून मागच्या खोलीत नेली. काल दीड तास खेळलो आणि एकदाही खेळ गोठला नाही. फ्रँकफर्टचा पिंग १४५ ते १५० राहिला; तो याहून फारसा कमी होणार नाही हे आता समजले आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर निव्वळ अंतराचेच झाले; शिवाय समुद्राखालच्या केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा वळसा घेतात.

भिंतीआडच्या गोळीचे कारण पुतण्याला वाचून दाखवले. त्याने थोडा विचार करून सुचवले की एका रविवारी फ्रँकफर्टचा सर्व्हर घ्यावा आणि पुढच्या रविवारी मुंबईचा, म्हणजे दूर असण्याचा तोटा आळीपाळीने दोघांना सोसावा लागेल. मला हे फार आवडले आणि तसेच ठरले आहे.

तरीही एक विचारतो. दुबई किंवा बहारीनसारखा, आम्हा दोघांनाही साधारण मध्यावर पडणारा सर्व्हर देणारा आणि खाजगी खोली करता येणारा ब्राउझरमधील शूटर खेळ कोणाच्या खेळण्यात असेल, तर त्याचे नाव आणि आपल्या गावाहून मिळणारा पिंग कृपया इथे लिहावा.