नागपूरच्या मे महिन्यात घरातली भाजी: एसी लावून खोली बंद करावी, की हवा खेळती ठेवावी?

धागाकर्ता (नागपूर)

खोलीत एलईडी दिव्यांखाली पालेभाजी वाढवणाऱ्या माझ्या ओळखीच्या तिघांनी यंदा एसी बसवला आणि तिघांनीही ‘आता खिडकीची कटकट मिटली’ असे समाधानाने सांगितले. माझे मत नेमके उलट आहे. बंद खोलीत उष्णता काढता येते, पण पानांनी सोडलेली वाफ, शिळी हवा आणि झाडांनी वापरून कमी केलेला कार्बन डायऑक्साइड यांचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

आधी हिशेब मांडतो. दिवा कितीही ‘थंड’ म्हणून विकला जात असला, तरी त्याने घेतलेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत शंभर वॅटचे चार दिवे आहेत, म्हणजे ४०० वॅटची शेगडी सतत पेटलेली आहे असे समजावे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला साधारण ०.३३ वॅट-तास लागतात. त्यामुळे खोली बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे ४०० घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजेच खोलीतली सगळी हवा तासाला चौदा वेळा. बारा इंची एक्झॉस्ट पंखा हे काम करतो, मात्र समोरच्या भिंतीत हवा आत यायला तेवढीच मोकळी जागा हवी.

दिवसा बाहेर ४४ अंश असताना ही हवा उपयोगाची नाही, हे मान्य. म्हणून मी दिवे रात्री आठ ते सकाळी दहा या वेळेत लावतो आणि हवा कूलरमधून आत घेतो. बाहेर ३० अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या गवताचा कूलर २१-२२ अंशांची हवा देतो. एसीच्या बिलापुढे पंप आणि पंख्याची वीज नगण्य आहे.

तिसरा मजला (नागपूर)

आपले गणित बरोबर आहे, पण त्यात घराचे छप्पर कुठेच नाही. मी गच्चीखालच्या मजल्यावर राहतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता ओतत असतो, आणि आपण दिवे लावता त्या आठ वाजता हात वर केला तर छताची धग तळव्याला जाणवते. आपल्या ४०० वॅटपेक्षा हा भार मोठा आहे. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातले दिव्यांचे ४०० वॅट काढायला त्याला जेमतेम सव्वाशे-दीडशे वॅट वीज लागते, उरलेले बिल छताचे असते. दिव्यांसाठी एसी परवडत नाही, असे म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

दुसरे म्हणजे, आपण तुळस किंवा बेसिल लावत असाल तर तीस अंशांतही ती तक्रार करत नाही. मी लेट्यूस (सॅलडमध्ये कच्ची खातात ती पालेभाजी) लावतो. त्याचे बी तिशीच्या आसपासच्या उष्णतेत उगवायलाच नकार देते, आणि उगवलेले रोप उकाड्यात दांडा काढून कडू होते. शिवाय माझ्या रोपांची मुळे मातीऐवजी टाकीतल्या पाण्यात असतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि मुळे तपकिरी, बुळबुळीत व्हायला सुरुवात होते. कूलरची हवा पानांना बरी वाटते, टाकीतल्या पाण्यापर्यंत ती पोहोचत नाही. कार्बन डायऑक्साइडचे म्हणाल, तर मी रोज दोन वेळा दार उघडून आत जातो, तासभर बसतो आणि श्वासही घेतो.

खाडीकाठ (डोंबिवली)

दोघांचीही चर्चा कोरड्या हवेतली आहे. आमच्याकडे जुलैमध्ये बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा कूलर म्हणजे ओल्या खोलीत ओले फडके. एक्झॉस्ट लावला तर बाहेरचा दमटपणाच आत येतो. मागच्या पावसाळ्यात ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला मी तंतोतंत पाळला आणि पंधरा दिवसांत मेथीच्या ट्रेमध्ये मातीलगत कापसासारखी बुरशी धरली. आमच्यासाठी एसीचे खरे काम थंडावा देणे हे नसून पाणी काढणे हे आहे. बाहेरच्या नळीतून रात्रभरात बादलीभर पाणी पडते, त्यातले बरेचसे माझ्या झाडांनीच सोडलेले असते.

मावळातला पॉलीहाऊसवाला

आम्ही जरबेरा घेतो, खोलीतली शेती आमची नव्हे, पण एक फरक इथे निसटतो आहे. हवा बदलणे आणि हवा हलवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पॉलीहाऊसमध्ये बाजूचे पडदे गुंडाळून आणि वरच्या खिडकीतून हवा बदलते, पानापाशी ती हलती ठेवणे मात्र वेगळे पाहावे लागते. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, त्याचे कारण बहुधा खत नसते. कॅल्शियम पानात पाण्याबरोबर चढते, आणि हवा कोंडलेली असली की आतले पान पाणी ओढतच नाही. एसीवाल्यांनीही गड्ड्यावरून वारा जाईल असा लहान पंखा लावावा. पान किंचित हलले पाहिजे, फडफडता कामा नये.

आणि आपले सगळे आकडे कुठे मोजलेले आहेत? भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर? तापमापक पिकाच्या उंचीवर, दिव्याचा प्रकाश थेट पडणार नाही अशा आडोशाला टांगावा. थेट प्रकाशात तो हवेचे नव्हे, स्वतःचे तापमान सांगतो.

धागाकर्ता

तापमापकाबाबत पकडलेत, माझा दाराशेजारी, कूलरच्या वाऱ्यात होता. काल तो ट्रेपाशी सावलीत टांगला, तर रात्री नऊला २८ दाखवत होता. छताचा मुद्दाही म्हणून मान्य करतो आणि दिवे आता साडेअकराला लावतो. तरी बंद खोलीला माझा विरोध कायम आहे. पहिल्या वर्षी मी कूलर लावून खिडकी बंद ठेवली होती, तेव्हा सकाळी भिंतींना घाम फुटायचा आणि बेसिलच्या पानांवर काळे डाग पडायचे. समोरची खिडकी वीतभर उघडल्यावर ते थांबले. जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलर निकामी होतो, हे डोंबिवलीकरांचे म्हणणे नागपूरलाही लागू आहे. तोवर माझा कूलर चालेल, आणि लेट्यूस मी दिवाळीनंतरच लावीन.

तिसरा मजला

लेट्यूस दिवाळीनंतरच लावायचे, तर दिवे घेतले कशाला? हिवाळ्यात ते गॅलरीतही येते.

लहान पंखा मात्र आज लावला. माझ्याकडे कडा करपत होत्या आणि मी महिनाभर खतालाच दोष देत होतो. आता अडचण वेगळी आहे. दिवे विझले की उष्णतेचा भार घटतो, इन्व्हर्टर एसी मंदावतो, पाणी काढणे जवळपास थांबते आणि तासाभरात आर्द्रता ६० वरून ८५ वर जाते. डोंबिवलीकर, आपण त्या वेळी काय करता?

खाडीकाठ

दिवे सगळे एकदम बंद करत नाही. चारपैकी दोन आधी, उरलेले दोन तासाभराने. त्या तासात एसी ‘ड्राय’वर ठेवते आणि पाणी दिवे लागल्यावर सकाळीच घालते, संध्याकाळी कधीच नाही. पंखा रात्रभर चालू असतो.