निवेदन पंचनाम्यावर फाशी द्यावी का?

गोदाकाठ
नाशिकजवळच्या २००३ च्या दरोड्यात पाच खून झाले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना फाशी सुनावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. जखमी साक्षीदार बाईंनी दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांवर खटलाच भरला नव्हता!

अशा खटल्यांत भिस्त असते ती जप्तीवर. कोठडीतलं आरोपीचं बोलणं बाद, पण ज्या वाक्यामुळे वस्तू सापडली तेवढं चालतं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३). ठाण्यात दोन पंचांसमोर आरोपी जे सांगतो त्याची नोंद, म्हणजे निवेदन पंचनामा, मग जागेवर जप्ती पंचनामा. बिघडतं कुठे? आरोपीचे स्वतःचे शब्द नसतात, साचेबद्ध मजकूर असतो. पंच पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतले. जागा उघडी, कुणीही ये-जा करावी अशी. आणि पोलिसांना ती आधीच ठाऊक असेल तर आरोपीने ‘दाखवलं’ काय? शिवाय सुरा कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे तो चालवणं नव्हे.

भीमथडी
तपासातला दोष तुम्ही शिक्षेच्या माथी मारताय. कसाब जिवंत पकडला गेला, सीएसएमटीवरचे फोटो होते, शेकडो साक्षीदार होते. तिथे कसला संशय? प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. २०१४ पासून फेरविचार याचिकाही तीन न्यायमूर्ती खुल्या न्यायालयात ऐकतात. ते सहा जण याच व्यवस्थेतून सुटले. आता झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे.

गोदाकाठ
सोळा वर्षांनी सुटले. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी सुनावल्यावर कळलं. चित्रीकरण म्हणाल तर कॅमेरा जप्तीच्या वेळी सुरू होतो. त्याआधी कोठडीत काय घडलं ते त्यात येत नाही.

मुंबई लोकल स्फोटांचंच बघा. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असा आदेश दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

खडूफळा
डीएनए आला की सगळे गप्प होतात, तसं होऊ नये. ओला डाग सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, जिवाणू वाढतात, डीएनए तुटतो. मग लाखेचं सील, नमुना सील, मुद्देमाल रजिस्टरला नोंद. प्रयोगशाळेत नेणाऱ्या शिपायाची साक्षही हवी, ती बहुतेकदा नसतेच. दिल्लीच्या छावला खटल्यात नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतले, प्रयोगशाळेत गेले २७ ला. मधले दिवस पोलिसांच्या मालखान्यात, म्हणजे मुद्देमालाच्या कोठारात. २०२२ मध्ये तिन्ही फाशी रद्द झाल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४८ तासांची मुदत घातली आणि नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याचं रजिस्टर सक्तीचं केलं.

भीमथडी
मान्य, पण मग नियम कडक करा. पुराव्याची साखळी तुटली तर फाशी नाही, एवढं लिहून टाका. कसाबसारख्याला फाशीतून सूट कशाला?

गोदाकाठ
दोष सिद्ध झाल्यावरही उरलेला संशय शिक्षा ठरवताना धरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच मान्य केलंय. तो धरायचा की नाही हे मात्र त्या त्या न्यायमूर्तींवर. नाशिकच्या खटल्यात २००९ च्या खंडपीठाला तो दिसला नाही. तुमचा नियम लिहिला तरी साखळी तुटली का, हे ठरवणारं तसंच एखादं खंडपीठ असणार.