हातानं केलेली भेटकार्डं : तुम्ही कशाची केली, कुणाला पाठवली?

गोदातीर
लेकीला शिक्षकदिनासाठी कार्ड करायचंय म्हणून तिनं ऑनलाइन किट मागवलं. कापलेली फुलं, चिकटणारे मोती, फोमची टेप, ब्रश पेन, सगळं आयतं. ती मांडून बसली आणि मला एकदम शिजलेल्या खळीचा वास आला. खरंच नाकात आला.

परभणीला दिवाळीआधी आई मैद्याची खळ शिजवायची. कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद (निळे विषारी खडे) टाकायची आणि ती वाटी आम्हाला हाताळू द्यायची नाही, थोडी थोडी काढून द्यायची. कार्डशीट मोंढ्याजवळच्या दुकानातून गुंडाळी करून यायचं, एकच, त्यात सगळ्या भावंडांची वाटणी. बाकीचं घरातलंच : साठवलेल्या लग्नपत्रिकांवरचे गणपती, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद, टिकल्या, फुटक्या बांगड्या, पतंगाचा कागद. मामाला सेलूला, आत्याला गंगाखेडला. पाकीट न चिकटवता वर 'बुक पोस्ट' लिहायचं, म्हणजे तिकीट कमी लागे. पण मग आत पत्र लिहिता यायचं नाही, नुसत्या शुभेच्छा आणि नाव. जे सांगायचं ते चित्रातच बसवावं लागे. आत्याला आमची म्हैस व्याली हे कळावं म्हणून भावानं पणतीशेजारी रेडकू काढलं होतं, आणि आत्याला ते कळलं!

किटला माझा विरोध नाही. ती फोमची टेप फार कामाची आहे, लग्नपत्रिकेतला गणपती तिच्यावर चिकटवला की छान वर उचलून येतो. तुमच्याकडे काय काय होतं? आता नवं-जुनं एकत्र वापरता का? लिहा.

लातूरची_लेक
आई गं, टिकल्या!! आमच्याकडे टिकलीची पाकिटं लपवून ठेवावी लागायची.
कुकर लावलाय, नंतर येते.

प्रेसवाला
जालन्यात वडिलांचा छापखाना होता, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. लग्नसराईत कटिंगच्या लांब पट्ट्या पोत्यानं निघायच्या. गुलाबी, हळदी, मोतिया. गल्लीतली सगळी लेकरं त्यासाठी दारात उभी. आमची कार्डं म्हणजे या पट्ट्यांच्या चटया विणून केलेली.

आणि एक. हल्ली ती एम्बॉसिंग पावडर आणि हीट गन मिळते ना, माझी सून वापरते. मी बघितलं आणि लगेच ओळखलं. ओल्या शाईवर पावडर टाकायची, जास्तीची झटकायची, उष्णता दिली की वितळून अक्षर उठतं. पत्रिकांची उठावाची छपाई अशीच. सोनेरी अक्षरं हवी असतील तर ओल्या शाईवर सोनेरी भुकटी कापसानं फिरवायचो, तिला उष्णता लागत नसे. दिवसभर नाक, भुवया सोनेरी. आई म्हणायची, माझ्या घरात दोन देव फिरायलेत.

सुनेला सांगितलं, शाई ओली आहे तोवरच हात चालव, आपल्याकडच्या उन्हाळ्यात शाई थांबत नाही.

सेलूकर_८
गोदातीर, मामा सेलूला कुठं? स्टेशनकडं का गावात?

गोदातीर
@सेलूकर_८ गावात हो. आता कुणी नाही तिथं, सगळे पुण्याला. तुम्ही नूतन शाळेचे का?

सेलूकर_८
हाव! मग ओळख निघणारच. कार्डाचं मला काही येत नाही, वाचायलो.

कागदवेडी
दौलताबादहून खुलताबादकडं जाताना कागजीपुरा लागतं. वेरूळला जाणारे निम्मे लोक तिथं थांबत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. १३२७ च्या सुमारास तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, त्या काळापासून इथं हातकागद होतोय असं सांगतात. सुती चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद, त्यात चौकट बुडवून अलगद उचलायची. पाणी निथळलं की चौकटीवर कागद.

माझी सगळी कार्डं याच कागदाची असतात. करणाऱ्यांसाठी थोडं सांगते. हातकागदावर शाई फुटते. खळीचं अगदी पातळ पाणी रुंद ब्रशनं फिरवा, सावलीत वाळवा, मग लिहा. शाई जागेवर राहते. घडी घालताना आधी पट्टी लावून संपलेल्या रिफिलनं रेघ दाबून घ्यायची, त्यासाठीचं विकतचं हत्यार लागत नाही. आणि गिरणीचं जाड कार्डशीट असेल, २५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) पुढचं, तर घडीआधी उभं आणि आडवं हलकं वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकतं तिकडंच घडी घाला. उलट घातली की रेघेवर कागद तडकतो आणि रंगीत कागदाचं पांढरं पोट दिसतं. मैत्रिणी म्हणतात कागद हलका होता. कागद बिचारा चांगला असतो.

निशिगंधा_नांदेड
बारकाईनं सांगितलंत ताई. रिफिलचं आजच करते.
आमचं आपलं टूथब्रश आणि कंगवा. शेवग्याची डहाळी कार्डावर ठेवायची, शाईत बुडवलेला ब्रश कंगव्यावर घासायचा, डहाळी उचलली की पांढरी पानं. भिंतही निळी, फ्रॉकही निळा.

बीडचा_मास्तर
शाळा सुटल्यावर लिहितोय, लांबेल.

माझी जिल्हा परिषदेची शाळा. दसरा-दिवाळीनंतर गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजीजवळ राहतात. एकदा संक्रांतीच्या आधी वर्गात भेटकार्डं घेतली. साहित्य म्हणजे पाठकोरे कागद, भेंडीचे ठसे, हळद-कुंकवाचा रंग आणि कुणीतरी दिलेला एक स्केचपेनांचा डबा. कुणाला पाठवायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. पण सगळ्यांनी आईबापालाच केलं.

मग प्रश्न पत्त्याचा. थळ, म्हणजे ऊसतोडीची जागा, आज या गावात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. एका पोरीनं पाकिटावर लिहिलं : कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, खाली 'आमची आई'. मी म्हणालो, फोटो काढून मोबाइलवर पाठवू या. ती म्हणाली, फोटोला तीळ चिकटत नाहीत सर. तिनं कार्डावर खरे तीळ चिकटवले होते, खळीनं, एकेक, पतंगाच्या आकारात.

शेवटी मुकादमाकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या हाती सगळा गठ्ठा दिला. त्यानं नीट पोचवला. मार्चमध्ये लोक परतले तेव्हा एक बाई शाळेत आल्या, पदराच्या गाठीतून कार्ड काढलं, मऊ पडलेलं. मला म्हणाल्या, यात काय लिव्हलंय ते वाचून दावा, कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) वाचाया कुणी नव्हतं. मी वाचलं. तेव्हापासून आम्ही दर वर्षी करतो. आता अक्षर मोठं काढायला सांगतो आणि शब्दांबरोबर चित्रही, म्हणजे न वाचताही कळावं.

कागदवेडी
मास्तर, डोळे भरले. तुमच्या शाळेला कागद पाठवायचाय. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निशिगंधा_नांदेड
मीपण. माझ्याकडं क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) कागदी पट्ट्या पडून आहेत, ३ आणि ५ मिलिमीटरच्या. लहान हातांना ५ च्या बऱ्या, गुंडाळताना सुटत नाहीत.

गोदातीर
'आमची आई' हा पत्ता वाचून पुढचं काही सुचेना. मास्तर, तुम्ही हे लिहिलंत, बरं केलंत.

लातूरची_लेक
आले. कुकर झाला, धुणं झालं.
२०१६ च्या एप्रिलमध्ये, दुष्काळात, मिरजहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्या गल्लीतल्या लेकरांनी रेल्वेवाल्यांसाठी कार्डं केली होती. वॉटरकलर बंद! ब्रश धुवायला पाणी कुठलं. कोरडे खडू आणि मासिकातले निळे कपडे, निळं आभाळ कापून त्याच्या वाघिणी. इतका निळा कागद मी एका जागी कधी बघितला नव्हता. एका काकांनी स्टेशनवर नेऊन दिली.

मोरचूद आता कुठं मिळतं हो? आईला हवंय, पुस्तकं बांधायलीय.

मोसंबीबाग
@लातूरची_लेक कृषी केंद्रात मागा. बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरची फवारणी) आम्ही बागेला वापरतो. पण विषारी असतं. लेकरांच्या कार्डाला अजिबात नको, त्यांच्यासाठी खळ ताजी करायची नि उरली की टाकून द्यायची.

पैठणचा_काठ
माहेर पैठणचं. आलेखाच्या वहीत चौकोन भरून पैठणीवरची बांगडी मोर, आसावली ही नक्षी काढायची आणि कार्डाला तेवढाच काठ. घरात माग होता म्हणून नक्षी पाठ होती. आता तीच ॲक्रिलिक मार्करनं काळ्या कागदावर काढते. काळ्यावर सोनेरी असं उठून दिसतं, की सांगून पटायचं नाही. पूर्वी आमच्याकडं काळा कागद शुभाला चालायचाच नाही. मुंजीच्या कार्डाला काळा घेतला तेव्हा सासूबाई थोड्या बोलल्या, मग स्वतःच चार मागितली.

रेशीमघर
घाईत आहे, तुतीला पाणी सोडलंय. आम्ही रेशमाचे कोष काढतो, जालन्याच्या बाजारात नेतो. पाखरू बाहेर पडलं की कोषाला भोक पडतं, सलग धागा निघत नाही, भाव मिळत नाही. ते मी कात्रीनं उभे कापते, पाकळ्या होतात. हळदीच्या पाण्यात रंग छान धरतो. कार्डावर शेवंती करायची. फेविकॉलनंच चिकटवा, खळीनं निघून येतात.

निशिगंधा_नांदेड
कोषाची फुलं! विकत द्याल का थोडे? पाठवताना पाकिटात चेपत नाहीत?

रेशीमघर
चेपतात. कार्डाला पाकीट नको, मिठाईच्या डब्यात द्यायचं. पैसे नको ताई, पोस्टाचा खर्च द्या. आणि बीडच्या मास्तरांच्या लेकरांसाठी एक पिशवी वेगळी ठेवते. मास्तर, तुमच्याकडं फेविकॉल आहे का तेही पाठवू?

बीडचा_मास्तर
फेविकॉल आहे. कात्र्या कमी आहेत, बोथट टोकाच्या मिळाल्या तर बघा.

प्रेसवाला
कात्र्या माझ्याकडं लागल्या. कटिंगच्या पट्ट्याही देतो. प्रेस बंद झाली तरी एक पोतं ठेवलंय.