मदत हवी आहे: नवा बेल्ट टाकूनही एसी लावला की किंचाळतो

केळीबाग:
मंडळी, इंजिनच्या बेल्टबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, इंजिन गार ठेवणारा वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर, तिन्ही एकाच बेल्टवर. आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही, अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताण द्यावा लागतो.

सकाळी चालू केली की एकदा चीं करून गप्प होते. खरा त्रास दुपारी. रावेरहून भुसावळकडे निघालं आणि एसी लावला की लांब किंचाळी, मागोमाग रबर जळाल्याचा वास. इकडे पारा ४४ च्या घरात आहे, आई सोबत असताना एसी बंद ठेवता येत नाही. जुना बेल्ट पार गुळगुळीत झाला होता म्हणून गॅरेजमध्ये नवा टाकून घेतला. काही दिवस बरं चाललं, आता परत तेच.

घरी मल्टीमीटर लावून पाहिलं. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर १४.१. एसी आणि हेडलाइट लावले की १२.८ वर घसरते आणि त्याच क्षणी बेल्ट ओरडतो. म्हणजे अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, एवढं मला कळतं. पुलीच्या खाचा चकचकीत दिसतात आणि आजूबाजूला काळी पूड बसली आहे.

इथे प्रत्येकाचं वेगळं. एक म्हणतो अजून आवळ. दुसरा म्हणतो पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला लावतात तशी राळ लाव. गॅरेजवाले म्हणतात बेल्ट खराब निघाला, दुसरा टाकू. पुढच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला संभाजीनगरला न्यायचं आहे, अजिंठ्याचा घाट चढायचा आहे. वॉटर पंप याच बेल्टवर असल्याने धास्ती वाटते. सुरुवात कुठून करू?

अमळनेरचा:
भाऊ, आधी बेल्टवरचा नंबर वाचा. ६पीके१०९० असं लिहिलं असेल तर ६ धारा आणि १०९० मिलिमीटर लांबी. मूळ नंबराशी जुळवा. लांब बेल्ट टाकला असेल तर अल्टरनेटर ज्या खाचेच्या पट्टीवर सरकवून ताण देतात तिच्या टोकाला जाऊन भिडतो, पुढे ताण द्यायला जागाच उरत नाही.

धुळ्याचा मिस्त्री:
दादा, राळ अजिबात लावू नका. गिरणीचा पट्टा सपाट असतो, त्याचं शास्त्र वेगळं. हा धारांचा बेल्ट आहे. चिकट काही लावलं की खाचांत धूळ जाऊन बसते, आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा. दोन दिवस आवाज थांबेल, मग बेल्ट आणि पुली दोन्ही जातील.

इंजिन नुसतं चालू ठेवा आणि लांबून, हात-बाही सांभाळून, बेल्टच्या धारांच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब उडवा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट सरकतोय, म्हणजे ताण कमी आहे. नवा बेल्ट खाचांत बसला की थोडा सैल पडतोच. तो टाकल्यावर थोडी गाडी चालवून ताण पुन्हा बघायचा असतो. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि बिचाऱ्या बेल्टला नाव ठेवलं जातं. पण म्हणून वाटेल तसा आवळायचा नाही. फार ताणला की अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेरिंग जातं.

मग इंजिन गार झाल्यावर, चावी काढून, बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडून बेल्ट उतरवा. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा हलवल्यावर डुलली तर बेरिंग गेलं. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गळू लागलं की कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तिथून ठिबकतं. तिथे बोट फिरवून बघा. कुलंट लागलेला बेल्ट कितीही नवा असला तरी सरकणार.

आणि हा बेल्ट म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट नव्हे. तो दात्यांचा असतो, कव्हरच्या आत. त्याला हात लावू नका.

केळीबाग:
दादा, फार उपकार झाले. पाणी उडवल्यावर आवाज वाढला. नंबर बरोबर आहे, पट्टीवर जागाही आहे. बेल्ट उतरवून पाहिला. अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसरची पुली लोण्यासारखी फिरते, पंपाची मात्र खरखरते. भोकाखाली हिरवा सुकलेला ओघळ आहे, आणि बेल्टच्या एका कडेला तोच हिरवट थर. कुलंटची टाकीही खुणेच्या खाली गेली आहे. नुसता पंप बदलून हाच बेल्ट धुऊन चालेल का?

धुळ्याचा मिस्त्री:
नाही, बेल्टही नवाच टाका. कुलंट रबरात मुरलं की धुऊन जात नाही. पुल्यांच्या खाचा मात्र ब्रशने स्वच्छ करून कोरड्या पुसा, नाहीतर नव्या बेल्टलाही तेच लागेल. पंप बसवल्यावर कंपनीने सांगितलेलंच कुलंट भरा, साधं पाणी नको, आणि आतली हवा पूर्ण काढून घ्या. हवा राहिली तर घाटात तापमानाची सुई वर जाईल. मग एसी लावून जळगावपर्यंत एक फेरी मारा, गाडी गार झाली की ताण परत तपासा. व्होल्ट १४ च्या आसपास टिकले तर आईला घेऊन बिनधास्त निघा. खरखरत्या पंपावर घाट चढू नका. तोवर डोळे दाखवायची तारीख आली तर सरळ एसटीने जा.